ब्राउझरचे प्लग-इन : परवानगी निवडक संकेतस्थळांपुरतीच

उसाला पाणी देताना दारे धरणारा मनुष्य सर्व सऱ्यांची तोंडे एकदम मोकळी सोडीत नाही. ज्या सरीस पाणी हवे, तिचेच दार तो मोडतो. सातारा व सांगली जिल्ह्यांतील शेतकऱ्यांच्या अंगवळणी पडलेली ही दक्षता संगणकावरही पाळणे आवश्यक आहे.

प्लग-इन अथवा एक्स्टेन्शन म्हणजे ब्राउझरला बाहेरून जोडलेले लहानसे साधन होय. इंग्रजी मजकुराचे भाषांतर करणे, जाहिराती थांबविणे अशी कामे ते करते. परंतु बसविताना ते पुष्कळदा सर्व संकेतस्थळांवरील माहिती वाचण्याची व बदलण्याची परवानगी मागते. ती दिल्यास हवामान खात्याचे पान वाचण्यासाठी घेतलेल्या साधनास महाडीबीटीवरील अर्ज आणि बँकेचे पानही उघडे होते. सेवा केंद्राच्या संगणकावर तर साऱ्या गावाचे आधार व खातेक्रमांक भरले जातात. तेथील चूक एकट्याची राहत नाही.

साधन आज चांगले आहे, एवढ्यावर विसंबू नये. ‘द ग्रेट सस्पेंडर’ हे क्रोमचे लोकप्रिय साधन २०२० मध्ये दुसऱ्या मालकाकडे गेले व २०२१ च्या फेब्रुवारीत घातक ठरवून गूगलने ते काढून टाकले.

यासाठी पुढीलप्रमाणे व्यवस्था करावी :

(१) क्रोम किंवा एज ब्राउझरमध्ये एक्स्टेन्शनांची यादी उघडावी. ज्यांचा उपयोग नाही ती काढून टाकावीत.

(२) उरलेल्या प्रत्येकाच्या तपशिलात ‘साइट अ‍ॅक्सेस’ पाहावा. तेथे क्लिक केल्यावर, ठराविक स्थळांवर अथवा सर्व स्थळांवर असे तीन पर्याय असतात. तिसरा टाळावा.

(३) ठराविक स्थळांच्या यादीत गरजेचीच नावे घालावीत. भाषांतराच्या साधनास हवामानाचे पान पुरे.

(४) अर्ज, सातबारा व बँक यांची स्थळे कोणत्याही साधनास देऊ नयेत. मराठी टंकलेखनासाठी संगणकातीलच मराठी कळफलक वापरावा.

(५) स्थळाचा पत्ता शेवटापर्यंत वाचावा. महाडीबीटीचा पत्ता ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ असा संपतो. नाव सारखे पण शेवट निराळा असल्यास माहिती भरू नये.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांनी प्रथम स्वतःच्या कार्यालयातील संगणक या रीतीने तपासावा आणि मग शेतकरी बंधूंना ही रीत प्रत्यक्ष करून दाखवावी.