कच्चं ते खड्ड्यात

पहाटे ५.१५
परवा रात्री पेटवलेला आवा हाताला सोसेल इतका निवलाय. थोरला भाऊ फावड्यानं राख ओढतो. राखेखाली खापऱ्यांचा थर, त्याखाली घागरी. खापऱ्या तो फेकत नाही, भिंतीला लावून रचून ठेवतो. मागच्या वेळी फुटलेली घागर पुढच्या आव्याचं पांघरूण होते.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, आठ दिवसांवर आलीय. त्या दिवशी खानदेशात घरोघर पितरांची घागर भरतात, आणि पुरणपोळी खापरावर भाजतात. पहूरच्या कुंभारवाड्यातली ही तीन घरं, दोन सख्खे भाऊ आणि एक चुलत. मातीचा खड्डा एक, आवा एक. गल्ले मात्र तीन.

६.००
भावांची म्हातारी आई प्रत्येक घागर मांडीवर घेऊन बोटानं ठोकते. खणखणीत वाजली की उजवीकडे, भदभदली की डावीकडे. नव्वदांतल्या अकरा डावीकडे जातात. उजवीकडची शंभरला. डावीकडची तडकलेली चाळीसला, कुंडी म्हणून. तिला बुडाशी भोक पाडायचं. नुसता काठ उडालेल्या दोन ती वेगळ्या कोपऱ्यात ठेवते. गावात कुणी गेलं की पहाटेही मडकं मागायला येतात. ते शेवटी फोडायचंच असतं. त्याचा भाव कुणी करत नाही, देतील ते घ्यायचं.

७.३०
चुलतभावाचा पोरगा कालचा मोडका कच्चा माल खड्ड्यात टाकतोय. त्यातले काही तुकडे हातात घेऊन परत उन्हात मांडतो. ते अजून ओलसर आहेत. ओलसर तुकडा पाण्यात टाकला तर गाठ तशीच राहते. कडक वाळलेला पाणी ओढतो, बुडबुडे सोडतो आणि बघता बघता बसतो. घाई करणाऱ्याला इथे पायांनी दुप्पट तुडवावं लागतं.

माती फुकट उरलेली नाही. तलावातल्या गाळाची ट्रॉली अडीच हजाराला पडली. आजोबांच्या वेळी गाढवं नाल्यावरून आणायची, खर्च फक्त गाढवाच्या चाऱ्याचा.

इथली काळी माती कापसाची. ओली फुगते, वाळली की भेगाळते. तिला ताब्यात ठेवायला चाळलेली राख लागते, घोड्याची लीद लागते. पोळीच्या खापरासाठी आणखी एक वस्तू लागते, ती पलीकडे कुटली जातेय. थोरल्याची बायको तोंडाला पदर बांधून जुन्या खापऱ्या मुसळानं फोडते, जुन्या मच्छरदाणीच्या तुकड्यातून चाळते. एकदा भाजलेला कण पुन्हा आटत नाही. म्हणून हे कूट मिसळलेलं खापर चुलीच्या जाळावर तडकत नाही. तासाभरात एक पाटी कूट होतं. तिची मजुरी कुठल्याच गल्ल्याच्या हिशेबात धरलेली नाही.

९.३०
चाक विजेचं आहे. धाकटा बसलाय. शेजारी पाण्याची बादली. हात धुऊन धुऊन तिच्यात पातळ चिखल जमतो, त्याला हे रबडी म्हणतात. जोड द्यायला, ओरखडा बुजवायला तीच. उरलेली संध्याकाळी खड्ड्यात. चाकाभोवती उडालेले शिंतोडेही पोरगा खरवडून नेतो.

१२.३०
कळण्याची भाकरी, ठेचा, कांदा. ऊन असं की घागरी बाहेर ठेवायची सोय नाही. एकाच बाजूनं वाळल्या तर फाटतात. किराणा दुकानातली जुनी पोती ओली करून त्यांच्यावर टाकलीत. पोतं दहा रुपयाला.

३.००
म्हातारी पुन्हा उठते. वाळलेल्या कच्च्या घागरी दाराच्या उजेडात फिरवून बघते. एकीच्या बुडाला केसाएवढी रेघ.

“माय, जाऊ दे ना. रबडी भरतो वरून.”

“भर. आव्यात पुन्हा उघडंल.”

धाकटा माल मोजतोय, आखाजी डोक्यावर आहे. म्हातारी अंगठा दाबते. घागर मोडते, तुकडे टोपलीत. तासाभरात अशा तेरा.

धाकटा गप्प बसतो, पण रागावलेला दिसतो. म्हातारीचं मात्र मला पटतं. सहाशे अंशांच्या आसपास मातीच्या अंगातलं बांधलेलं पाणी निघून जातं, ते पुन्हा येत नाही. त्यानंतर महिनाभर भिजवा, चिखल होत नाही. तेरा घागरी आत्ता मोडल्या तर दिवसाची मेहनत जाते, माती राहते. आव्यात फुटल्या तर मातीही गेली, जळणही गेलं.

५.००
जळण म्हणजे पऱ्हाट्या. पूर्वी कापूस निघाला की शेतकरी म्हणायचे, घेऊन जा, शेत मोकळं करा. गुलाबी बोंडअळी आल्यापासून पऱ्हाट्या शेतात ठेवू नका असं सांगतात. मग कुणी यंत्रानं भुगा करून मातीत घालतं, कुणी ट्रॉलीवर विकतं. यंदा दीड हजार ट्रॉली, तीही वेळेवर मिळत नाही. म्हणून खाली सॉ मिलचा भुसा, गोवऱ्या, वर पऱ्हाट्या.

तिन्ही घरं मिळून आवा रचतात. घागरींवर गेरूच्या खुणा: थोरल्याची एक रेघ, धाकट्याच्या दोन, चुलतभावाची फुली. फटींत खापऱ्यांचे तुकडे, मग पाचोळा, मग वरून खापऱ्यांचा थर आणि ओल्या मातीचा लेप. फुटलेल्या खापरीवर कुणाची रेघ होती, हे कुणी बघत नाही.

७.१५
पेटवला. धूर निघाला की तासभर कुणी जागचं हलत नाही. वारा फिरला तर एका बाजूचा माल कच्चा राहतो.

८.००
शेंदुर्णीच्या दुकानदाराचा फोन. तिकडचा माल पूर्वी पीजेच्या, म्हणजे पाचोरा-जामनेर रेल्वेच्या, डब्यात चढायचा. ती छोटी गाडी २०२० मध्ये थांबली. आता छोटा हत्ती, भाडं सहाशे.

“चाळीस सांगितल्या होत्या.”

“सत्तावीस देतो.”

“बाकीच्या?”

“आखाजीनंतर.”

“आखाजीनंतर मी काय करू त्यांचं? मग भाव तरी कमी लावा.”

“भाव तोच,” थोरला म्हणतो, आणि फोन कानाला धरूनच एक खापरी उचलून धूर जिथून जास्त सुटतोय तिथे दाबतो.