नदीतला गोटा उलटून पाहा

पोळ्याचा दुसरा दिवस उजाडला की पांढुर्ण्याचे नाव सर्वांच्या तोंडी येते. जाम नदीच्या पात्रात पळसाचे झाड रोवतात. एका तीरावर पांढुर्णा आणि दुसऱ्या तीरावर सावरगाव, अशी गोटमार चालते. त्या दिवशी गोटा हाती घेणारे पुष्कळ असतात. परंतु एरवी पाण्यातला गोटा उलटा करून त्याच्या खालच्या अंगाला काय चिकटले आहे, हे पाहणारा विरळाच. गोड्या पाण्यातील जीवसृष्टीचा अभ्यास मात्र तेथूनच सुरू होतो.

हा विषय आता विद्यापीठांतून शिकविला जातो. स्वित्झर्लंडमधील फोरेल यांनी जिनिव्हा सरोवरावरील आपल्या ग्रंथाचा पहिला खंड १८९२ साली प्रसिद्ध केला आणि या शास्त्राचा पाया घातला. पांढुर्णा किंवा सौसरच्या मुलाने बी. एस्सी.ला प्राणिशास्त्र, वनस्पतिशास्त्र व रसायनशास्त्र घेतले, की त्याला या वाटेने पुढे जाता येते. "नदीत किडे मोजून पोट भरते काय?" असे वडील विचारतील. त्यांचा प्रश्न रास्त आहे; म्हणून हे किडे काय सांगतात ते पाहू.

स्वच्छ, वाहत्या पाण्यातील गोट्याखाली चपट्या अंगाची, शेपटीला दोन-तीन तंतू असलेली मेफ्लाय नामक कीटकाची पिल्ले आढळतात. वाळूचे कण रेशमासारख्या धाग्याने जोडून घर बांधणारी कॅडिसची अळीही तेथेच राहते. या जिवांना भरपूर प्राणवायू लागतो. सांडपाणी शिरले म्हणजे त्यातील घाण कुजविणारे जीवाणू तो प्राणवायू खाऊन टाकतात. मग हे नाजूक रहिवासी नाहीसे होतात आणि रक्तासारख्या लाल रंगाच्या बारीक अळ्या तेवढ्या उरतात. त्यांच्या अंगात आपल्याप्रमाणेच हिमोग्लोबिन असते, म्हणून थोड्या प्राणवायूवरही त्या तग धरतात. अशा जिवांवरून पाण्याची मलिनता ठरविण्याची पद्धत जर्मनीतील कोल्कविट्झ आणि मार्सन यांनी १९०८ व १९०९ साली मांडली.

बाटलीत पाणी भरून प्रयोगशाळेत नेले तर काम भागणार नाही काय? पुरते भागणार नाही. बाटली सांगते ती त्या घटकेची गोष्ट. रात्री सोडलेली घाण पहाटेपर्यंत वाहून गेली, तर सकाळची बाटली निर्मळ दिसेल. गोट्याखालचा किडा मात्र कित्येक आठवडे त्याच जागी राहिलेला असतो. शिवाय वेळही फसविते. शेतांतील खत पावसाने नदीत उतरले की शेवाळ माजते. दिवसा ते उन्हात प्राणवायू सोडते, रात्री तोच ओढून घेते. म्हणून दुपारी मोजणाऱ्याला पाणी उत्तम वाटते आणि पहाटे मासे वर येऊन धापा टाकताना दिसतात. त्यात आपला उन्हाळा! २० अंश सेल्सिअसला लिटरभर पाण्यात सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, ३० अंशांना साडेसातच. धार बारीक व पाणी ऊन झाले, की थोडी घाणही भारी पडते.

आता वडिलांच्या प्रश्नाचे उत्तर. जामचे पाणी कन्हानला मिळते आणि कन्हानचे पाणी नागपूरकर पितात. १९५६ साली राज्यांची सीमा या दोन मुलखांमधून गेली, २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला. पाणी आपल्या उतारानेच वाहत राहिले. पाण्याची परीक्षा करणारी मोठी संस्था नागपुरास १९५८ साली निघाली. तीच आजची 'नीरी'. पाणीपुरवठा, मत्स्यव्यवसाय, प्रदूषण-नियंत्रण या सर्व खात्यांना असे जाणकार लागतात. आणि त्याहून अधिक गरज आहे ती गावाला. नदी बिघडली, हे सर्वांना वासावरून कळते. केव्हापासून आणि कोणत्या जागेपासून बिघडली, हे नोंदी असल्यावाचून कोणालाच सांगता येत नाही.

ती नोंद ठेवण्यास पदवीची वाट पाहावयास नको. पूर ओसरल्यावर गावाच्या वर एक आणि खाली एक अशा दोन जागा निवडाव्या. महिन्यातून एकदा, ठरल्या वेळी, प्रत्येक ठिकाणचे दहा गोटे उलटून काय दिसले ते वहीत लिहावे. वर्षभरात त्या वहीला मोल येईल. पाहून झाल्यावर गोटा होता तसा ठेवावा. त्याच्याखाली कोणाचे तरी घर असते.