खासदाराचा जमाखर्च

चंदीगडच्या उत्तरेस, शिवालिक टेकड्यांच्या पायथ्याशी, ल कॉर्बुझिए याच्या कल्पनेतून साकारलेले विधानभवन उभे आहे. या एकाच वास्तूत दोन विधानसभा भरतात : एक पंजाबची, दुसरी हरियाणाची. दोन्ही राज्यांची राजधानी ही एकच नगरी. परंतु या नगरीत राहणारा नागरिक त्या दोहोंपैकी एकाही सभेसाठी मतदान करीत नाही. ‘दोन घरचा पाहुणा उपाशी’ ही मराठी म्हण येथे सहज आठवावी.

१ नोव्हेंबर १९६६ रोजी पंजाबची पुनर्रचना झाली, हरियाणा राज्य जन्मास आले आणि दोघांचाही हक्क सांगितला जाणारे चंदीगड केंद्रशासित झाले. १९८४ पासून पंजाबचे राज्यपालच या प्रदेशाचे प्रशासक असतात. महाराष्ट्रातील खेडुताला आपले गाऱ्हाणे सांगण्यासाठी ग्रामपंचायत, पंचायत समिती, जिल्हा परिषद, आमदार आणि खासदार अशा अनेक पायऱ्या आहेत. चंदीगडच्या रहिवाशाला खाली नगरसेवक आणि वर खासदार, एवढेच. मधली पायरीच नाही. राज्यसभेतही या प्रदेशाचा प्रतिनिधी नाही. २०११ च्या शिरगणतीत १०,५५,४५० लोकसंख्या भरलेल्या या नगरीला लोकसभेच्या ५४३ जागांपैकी एक जागा मिळालेली आहे. यास्तव येथील खासदार आपल्या मतदारांपुढे कामाचा जो वृत्तान्त ठेवतो, त्याला अन्य मतदारसंघांहून अधिक महत्त्व प्राप्त होते.

असे वृत्तान्त सर्वत्र निघतात. त्यांत राष्ट्रीय महामार्ग, घरकुले, निवृत्तिवेतन, गल्लीतील दिवे आणि उद्यानातील बाके एकाच यादीत आणि एकाच नावावर मांडलेली असतात. वाचणाऱ्यास वाटावे, की सर्व काही एकाच हाताने घडले. वास्तविक या यादीचे निदान तीन भाग पाडले पाहिजेत.

पहिला भाग केंद्राचा. चंदीगडसाठी कायदे करण्याचा अधिकार संसदेचा आहे, आणि त्याचा खर्चही संसदेसमोर गृहमंत्रालयाच्या मागण्यांबरोबर येतो. येथे खासदार मतदान करतो, प्रश्न विचारतो, मंत्र्यांकडे आग्रह धरतो. परंतु निर्णयावर सही त्याची नसते. १ एप्रिल २०२२ पासून चंदीगड प्रशासनाच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे सेवानियम लागू झाले आणि त्यांचे निवृत्तीचे वय ५८ वरून ६० झाले. हा निर्णय दिल्लीचा होता. त्याच दिवशी पंजाब विधानसभेने चंदीगड पंजाबला द्यावे असा ठराव केला. ५ एप्रिलला हरियाणा विधानसभेने आपला हक्क सांगणारा ठराव केला. नगरीच्या भवितव्याविषयी दोन सभा बोलल्या, पण नगरीची स्वतःची अशी सभाच नव्हती. अशा वेळी तिच्या वतीने बोलावयाचे तर लोकसभेतील ते एकच आसन उरते. आपला प्रतिनिधी त्या आसनावरून काय बोलला, हे विचारण्याचा मतदाराला पुरता अधिकार आहे.

दुसरा भाग महानगरपालिकेचा. ती १९९४ साली स्थापन झाली आणि तिची पहिली निवडणूक १९९६ मध्ये झाली. पाणीपुरवठा, स्वच्छता, पथदीप ही तिची कामे. ३५ निर्वाचित नगरसेवकांबरोबर खासदारही तिचा पदसिद्ध सदस्य असून त्याला मताचा अधिकार आहे. हे मत नाममात्र नव्हे. ३० जानेवारी २०२४ रोजी महापौरपदासाठी ३६ मते पडली. निवडणूक अधिकाऱ्याने त्यांपैकी ८ बाद ठरवून १६ विरुद्ध १२ असा निकाल दिला. त्या मतपत्रिका अधिकाऱ्यानेच हेतुपुरस्सर विरूप केल्याचे आढळल्यावरून सर्वोच्च न्यायालयाने २० फेब्रुवारीस तो निकाल फिरविला आणि २० मते मिळालेल्या उमेदवारास विजयी घोषित केले. जेथे एकेक मत असे मोलाचे, तेथे सभागृहात आपण काय भूमिका घेतली हेही खासदाराच्या वृत्तान्तात यावयास हवे. मात्र महापालिकेने आपल्या निधीतून केलेले काम खासदाराने स्वतःच्या नावावर मांडणे उचित नव्हे.

तिसरा भाग स्थानिक क्षेत्र विकास निधीचा. ही योजना १९९३ च्या डिसेंबरात सुरू झाली. प्रारंभी प्रत्येक खासदारामागे ५ लाख रुपये होते. २०११-१२ पासून ही रक्कम वार्षिक ५ कोटी झाली. हा पैसा खासदाराच्या हाती कधीच येत नाही. तो कामाची केवळ शिफारस करतो. छाननी, मंजुरी आणि अंमलबजावणी जिल्हा प्रशासनाची असते. निधीचा ठरावीक हिस्सा अनुसूचित जातींच्या आणि जमातींच्या वस्त्यांसाठी राखावा लागतो. म्हणून ‘अमुक सभागृह दिले’ एवढे लिहिणे पुरेसे नाही. शिफारस केव्हा केली, मंजुरी केव्हा मिळाली, काम पुरे झाले की अर्धवट आहे, हे तीन रकाने असल्याखेरीज तो हिशेब होत नाही.

हा काटेकोरपणा कोणाला अकारण वाटेल. परंतु श्रेय एकत्र मिसळले की दोषही मिसळतो. नळाला पाणी आले नाही, तर महापालिका प्रशासनाकडे बोट दाखविते, प्रशासन दिल्लीकडे, आणि खासदार तिघांकडे. मतदार मात्र रिकामी घागर घेऊन उभा राहतो. उलट, ‘हे मी केले, हे मागितले, हे माझ्या अधिकारात नाही, यासाठी अमुक कार्यालयात जा’ असे चार शब्द प्रतिनिधीने स्पष्ट सांगितले, तर नागरिकाचा हेलपाटा वाचतो आणि दाद मागण्याचे ठिकाण त्याला कळते.

२०२४ च्या लोकसभा निवडणुकीत चंदीगडचा निर्णय अवघ्या २,५०४ मतांनी लागला. एवढ्या थोड्या मतांवर ज्या नगरीचा एकमेव प्रतिनिधी ठरतो, तेथील मतदाराने पुढच्या वेळी मत देण्यापूर्वी हा जमाखर्च मागून घ्यावा आणि त्यातील प्रत्येक नोंद कोणत्या खात्याची आहे, हे तपासून पाहावे.