रोमच्या समकालीन साष्टी : मार्गदर्शकासह लेणीदर्शन

कोलोसियम, फोरम आणि पॅलाटाइन टेकडी ही रोममधील त्रिस्थळी दहा-बारा जणांच्या गटाने, अभ्यासू मार्गदर्शकाबरोबर पाहण्याची पद्धत आता प्रवाशांत चांगलीच रूढ आहे. जुहूतून युरोपच्या सहलीला जाणारी अनेक कुटुंबे या मार्गाने रोम पाहून येतात. त्याच काळातील पाषाणशिल्प त्यांच्या घरापासून तासाभराच्या अंतरावर आहे, याची जाणीव मात्र फार थोड्यांना असते. कोलोसियमचे उद्घाटन इ. स. ८० मधले. त्या सुमारास अंधेरी पूर्वेच्या कोंडिविटे टेकडीवर भिक्षूंची वस्ती होती आणि कान्हेरीचा डोंगर खोदला जात होता. कान्हेरीचे मोठे चैत्यगृह दुसऱ्या शतकाच्या उत्तरार्धातील सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णी याच्या काळातले, म्हणजे सम्राट मार्कस ऑरेलियस याच्या काळाच्या आसपासचे आहे. हे अवशेष पाहण्यासाठी पारपत्र लागत नाही. मार्गदर्शक मात्र रोमपेक्षाही येथे अधिक लागतो, आणि त्याचे कारण या वास्तूंच्या घडणीतच आहे.

प्रथम एक खुलासा. साष्टी बेटावर, म्हणजे आजच्या मुंबई उपनगरांच्या भूमीवर, रोमन लोकांनी बांधलेली एकही वास्तू नाही. संबंध आहे तो व्यापाराचा. पहिल्या शतकात एका अज्ञात ग्रीकभाषक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘एरिथ्रियन समुद्राचे पेरिप्लस’ या मार्गदर्शिकेत सोपारा आणि कल्याण ही बंदरे नावानिशी येतात. सँडनीस नावाच्या राजाने कल्याणचा व्यापार रोखला असून तेथे चुकून शिरलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जातात, अशी तक्रारही लेखकाने नोंदवली आहे. इजिप्तच्या तांबड्या समुद्रावरील बेरेनिके बंदरातून नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांवर निघालेली गलबते मद्य, तांबे, कथील, शिसे, पोवळे आणि सोन्यारुप्याची नाणी घेऊन पश्चिम किनाऱ्यावर येत. याच बेरेनिकेच्या उत्खननात भारतीय मिरी आणि सागवान सापडले आहे. आपल्याकडील पुरावाही भक्कम आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर मिळालेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती तेथील टाऊन हॉल संग्रहालयात आहे, आणि घारापुरीच्या किनाऱ्यावर रोमन मद्यकुंभांची खापरे मिळाली आहेत.

या व्यापारातून आलेला पैसा काही अंशी डोंगरात मुरला. कान्हेरीच्या शिलालेखांत कल्याण, सोपारा, चेऊल, नाशिक, पैठण येथील दात्यांची नावे आहेत. त्यांत व्यापारी आहेत, सोनार आहेत, गृहस्थ आहेत, भिक्षुणीही आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहात तर स्तंभ दान करणाऱ्यांत ‘यवन’ म्हणवणारे दाते आहेत. ते जन्माने ग्रीक होते की ते एका नगरातील समूहाचे नाव होते, यावर विद्वानांत एकमत नाही. उत्साही मार्गदर्शक ‘रोमन दाते’ असे ठोकून देतो तेव्हा श्रोत्याने थोडे सावध राहावे.

आता घडणीविषयी. रोमन वास्तुकला बेरजेची आहे. वीट, दगड, चुना आणि ज्वालामुखीची राख यांच्या मिश्रणातून कमान आणि घुमट उभे राहतात. ते कोसळले तरी त्यांचे तुकडे जागेवर सापडतात आणि पुन्हा रचता येतात. लेणे वजाबाकीने घडते. डोंगराचा उभा कडा तासून दर्शनी भाग घ्यायचा, छतापासून तळाकडे उतरत जायचे आणि स्तंभ, स्तूप, बाक यांच्यासाठी लागेल तेवढाच दगड मागे ठेवायचा, असा हा क्रम. चुकलेला घाव भरून काढता येत नाही. झिजलेला स्तंभ परत मिळत नाही; फार तर त्या जागी नवा उभा करता येतो, जसा तो घारापुरीत अनेक ठिकाणी करावा लागला. शिवाय लेण्याला बाहेरून पाहण्यासारखी बाजू बहुधा एकच असते. रोमन अवशेष दुरून आपला आकार सांगतात. लेण्यात माणसाला आत उभे करून कोणीतरी सांगावे लागते की हा खाच असलेला दगड दाराच्या बिजागरीचा, ही पन्हळ पावसाच्या पाण्याची आणि भिंतीतला हा ओटा भिक्षूच्या शय्येचा.

कोंडिविट्याची लेणी, ज्यांना लोक शेजारच्या देवीवरून महाकाली लेणी म्हणतात, ही जुहूकराला सर्वांत जवळची. २०१४ मध्ये सुरू झालेल्या वर्सोवा-घाटकोपर मेट्रोने अंधेरी पूर्वेला उतरून महाकाली गुंफा मार्ग धरला की टेकडी येते. येथे दोन बाजूंना मिळून १९ लेणी आहेत. त्यांचा काळ इसवी सनपूर्व पहिल्या शतकापासून इसवी सनाच्या सहाव्या शतकापर्यंत मानला जातो. त्यांतील नवव्या क्रमांकाचे चैत्यगृह भारतीय लेणीस्थापत्यात दुर्मीळ म्हणावे असे आहे. पुढे साधे आयताकृती दालन आणि त्याच्या टोकाला डोंगरातच कोरलेली वर्तुळाकार कुटी, तिला दार, दाराच्या दोन्ही अंगांना जाळीच्या खिडक्या आणि आत स्तूप, अशी ही रचना. बांबू-गवताच्या गोल झोपडीचे हे दगडातले रूप. याचे पूर्वज शोधायचे तर बिहारमधील बराबर डोंगरातील सुदामा लेण्यापर्यंत जावे लागते. ते सम्राट अशोकाने आपल्या राज्याभिषेकाच्या बाराव्या वर्षी आजीविक पंथाच्या साधूंना दिले होते. रोमच्या फोरममध्ये वेस्टा देवीचे मंदिर वर्तुळाकार आहे आणि तेही आद्य लॅटिन वस्तीतील गोल झोपडीची आठवण राखते, असे रोमन स्वतः मानत. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन संस्कृतींनी पूज्य वस्तूभोवती आपले जुने घरच दगडात जपावे, हा योग विलक्षण आहे.

त्या जाळीच्या खिडकीजवळ एक छोटा ब्राह्मी लेख आहे. गौतम गोत्राच्या एका ब्राह्मणाने आपल्या भावासह विहार दान केल्याची नोंद त्यात आहे. बौद्ध संघाला ब्राह्मण दाता हे त्या काळच्या समाजाचे चित्र सहज सांगून जाते. लेख डोळ्यांना लगेच दिसत नाही. जाणकार मार्गदर्शक विजेरी भिंतीला समांतर धरतो, तिरप्या प्रकाशात अक्षरांच्या खाचांत सावली भरते आणि अक्षरे उठून येतात. हा प्रयोग दहा जणांत होतो. चाळीस जणांत फक्त पाठमोरी डोकी दिसतात. दालनातील बुद्धप्रतिमा सहाव्या शतकाच्या सुमारास भर म्हणून कोरल्या गेल्या आणि आज बऱ्याच झिजल्या आहेत. येथील खडक ज्वालामुखीजन्य संकोणाश्म आहे, म्हणजे तुकड्या-तुकड्यांचा, ओल धरणारा. दख्खनच्या घट्ट बेसॉल्टएवढा तो टिकत नाही.

कान्हेरीला मात्र वेगळा दिवस द्यावा. बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानाच्या प्रवेशद्वारापासून लेणी सुमारे सहा किलोमीटर आत आहेत, आणि सोमवारी उद्यान बंद असते. एकाच डोंगरावर शंभरहून अधिक लेणी असलेले असे स्थळ देशात क्वचितच आढळते. येथे पहिल्या शतकापासून जवळजवळ हजार वर्षे वावर होता. तिसऱ्या क्रमांकाचे चैत्यगृह सुमारे २६ मीटर लांब असून त्यात ३४ स्तंभ आहेत. गजसेन आणि गजमित्र या व्यापारी बंधूंनी ते करविले. काही स्तंभांवर हत्ती, पूजक आणि घटांचे नक्षीकाम पूर्ण झाले आहे, उरलेले साधे अष्टकोनी राहिले आहेत. कार्ल्याचा आदर्श समोर ठेवून काम हाती घेतले गेले, पण ते त्या तोडीचे उतरले नाही, असे प्रामाणिकपणे म्हणावे लागते. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंचीचे उभे बुद्ध आहेत. ते नंतरच्या शतकांतले. हौशी पर्यटक बहुधा येथेच छायाचित्रे काढून परततो.

खरी कान्हेरी त्यापुढे सुरू होते. लेण्यागणिक दगडात खोदलेली पाण्याची टाकी आहेत. शिलालेखांत त्यांना पोढी म्हटले आहे. छताकडचे पाणी पन्हळींनी वळवून या पोढ्यांत उतरवण्याची योजना पहिल्या मोठ्या पावसात प्रत्यक्ष चालताना दिसते. एका टाक्याच्या लेखात महाक्षत्रप रुद्राची कन्या आणि वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी यांचा उल्लेख येतो. शक आणि सातवाहन या दोन वैरी घराण्यांतील सोयरिकीचा हा अमोल पुरावा पाण्याच्या टाक्यावर जपला गेला आहे. अकरावे लेणे, ज्याला दरबार म्हणतात, ते लांब दगडी बाकांमुळे सभागृह किंवा भोजनशाळा असावे. ४१ व्या लेण्यातील अकरा मुखांचा अवलोकितेश्वर भारतात फारच विरळा. डोंगराच्या एका अंगाला दिवंगत भिक्षूंच्या स्मरणार्थ उभारलेल्या विटांच्या स्तूपांची लांब वीथी आहे. तेथील लेख डॉ. शोभना गोखले यांनी शोधून वाचले. डेक्कन कॉलेजने १९९१ मध्ये प्रसिद्ध केलेला त्यांचा कान्हेरीच्या शिलालेखांवरील ग्रंथ आजही मार्गदर्शकांच्या ज्ञानाचा पाया आहे.

मार्गदर्शित गटाच्या दृष्टीने ९० व्या लेण्यातील पहलवी लेख सर्वांत मनोरंजक. इ. स. १००९ आणि १०२१ मध्ये येथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली आणि वडिलांची नावे, तिथीसह, भिंतीवर कोरून ठेवली आहेत. साष्टीच्या लेण्यांना गटाने भेट दिल्याचा इतका स्पष्ट पुरावा त्याआधीचा क्वचितच असेल. आज असे नाव कोरणे गुन्हा आहे; हजार वर्षांपूर्वी कोरलेले मात्र संशोधनाचे साधन ठरते. पुरातत्त्वाचा हा पक्षपात मान्य करावा लागतो.

जोगेश्वरीचे लेणे या दोहोंहून भिन्न आहे. ते शैव असून पाशुपत संप्रदायाशी जोडलेले आहे. कलेतिहासकार वॉल्टर स्पिंक यांनी त्याचा काळ इ. स. ५२० ते ५५० असा धरला. पश्चिम रोमन साम्राज्य अस्त पावून तेव्हा पन्नास-पाऊणशे वर्षे झाली होती आणि कॉन्स्टँटिनोपलमध्ये हागिया सोफिया उभी राहत होती. लांब पायऱ्या उतरून जमिनीखाली जावे, वीस स्तंभांचे चौरस सभागृह लागावे आणि मधोमध चारही बाजूंनी उघडे गर्भगृह दिसावे, ही योजना पुढे घारापुरीत परिपक्व झाली. म्हणून घारापुरीआधी जोगेश्वरी पाहावी. शिव-पार्वतीचा विवाह आणि अक्षक्रीडा हे शिल्पपट ओलाव्याने इतके झिजले आहेत की सांगितल्याशिवाय ओळखू येत नाहीत. येथे पूजा चालू आहे, त्यामुळे गटाने भाविकांची वाट अडवू नये. बोरिवलीचे मंडपेश्वर लेणे याच परंपरेतले. सोळाव्या शतकात पोर्तुगीज पाद्र्यांनी त्याचे प्रार्थनास्थळ केले आणि वर चर्च बांधले. एका शिल्पपटाच्या जागी कोरलेला क्रूस अजून दिसतो. रोममध्ये सान क्लेमेंते चर्चखाली जुने चर्च आणि त्याखाली मित्र देवतेचे भुयारी मंदिर आहे, ते पाहून आलेल्यांना मंडपेश्वर समजावून सांगावे लागत नाही.

हे अवशेष दाखवण्याची आणि लिहून ठेवण्याची परंपरा जुनी आहे. गार्सिया द ओर्ता याने १५६३ च्या आपल्या ग्रंथात या लेण्यांची दखल घेतली. हेन्री सॉल्ट याने १८०६ मध्ये साष्टीच्या लेण्यांवर सचित्र निबंध सादर केला. पुढे १८८० मध्ये फर्ग्युसन आणि बर्जेस यांचा भारतातील लेण्यांवरील ग्रंथ आला. अलीकडे मुंबई विद्यापीठाच्या बहिःशाल विभागाने पुरातत्त्वाचे अभ्यासक्रम चालवले आणि २०१५ पासून साष्टीचे पद्धतशीर सर्वेक्षण हाती घेतले. विलेपार्ल्याच्या साठ्ये महाविद्यालयातील डॉ. सूरज पंडित यांचे कान्हेरीवरील काम याच प्रवाहातले. अशा अभ्यासक्रमांतून तयार झालेल्या व्यक्तीकडे कथा कमी आणि पुरावा अधिक असतो. लेणी पांडवांनी एका रात्रीत खोदली ही कथा स्थानिक स्मृती म्हणून जरूर ऐकावी, पण ती सांगून झाल्यावर मार्गदर्शक दात्यांचे लेख वाचून दाखवतो की नाही, हे पाहावे.

कोंडिविटे आणि जोगेश्वरी एका सकाळी जमतात. विजेरी, पाणी, रबरी तळ असलेली पादत्राणे आणि लेण्यांचा आराखडा एवढे साहित्य पुरे. भिंतीला हात लावू नये. तळव्याच्या घामाने आणि तेलाने आधीच भुसभुशीत झालेला पृष्ठभाग आणखी सुटतो. कान्हेरी, कोंडिविटे, जोगेश्वरी आणि मंडपेश्वर ही चारही स्थळे केंद्र सरकारची संरक्षित स्मारके आहेत. १९५८ चा कायदा आणि त्यातील २०१० ची दुरुस्ती यांनुसार स्मारकाभोवती १०० मीटरपर्यंत बांधकाम निषिद्ध, आणि त्यापुढील २०० मीटर नियंत्रित आहे. जोगेश्वरीला लेण्याच्या माथ्यापर्यंत आलेली वस्ती पाहिली की हा नियम कागदावर किती उशिरा आला, ते मोजता येते. ज्यांना या सर्वांमागचे बंदर पाहायचे असेल त्यांनी नालासोपाऱ्याला जावे. तेथील स्तूप पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये उकलला. त्यातून निघालेला करंडक आणि आठ कांस्य बुद्धमूर्ती मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे जतन केलेल्या आहेत.