संगणकाची स्मृति महाग कां?

मुलाच्या संगणकास थोडी अधिक रॅम बसवावी म्हणून २०२५ च्या अखेरीस दुकानीं गेलेले अनेक पालक भाव ऐकून रिकाम्या हातीं परतले. दोष दुकानदाराचा होता, असें आम्हांस वाटत नाहीं.

संगणक ज्या पाटीवर आपलें चालू गणित मांडतो, ती पाटी म्हणजे रॅम. ती जगांत मुख्यत्वें तीनच कंपन्या घडवितात: दक्षिण कोरियांतील सॅमसंग व एसके हायनिक्स आणि अमेरिकेंतील मायक्रॉन. (पूर्वीं ह्या धंद्यांत भावाविषयीं संगनमतहि झालें, तें कबूल केल्यावर सॅमसंगला २००५ सालीं अमेरिकेंत ३० कोटि डॉलर दंड झाला!) २०२२-२३ मध्यें भाव कोसळले, तेव्हां ह्या कंपन्यांनीं उत्पादन आवरतें घेतलें. पुढें कृत्रिम बुद्धिमत्तेच्या प्रचंड यंत्रगृहांची मागणी आली. त्यांस लागणारी एचबीएम नांवाची रॅम थरावर थर रचून करतात. तितक्याच स्मृतीसाठीं तिला सिलिकॉनच्या चकतीची सुमारें तिप्पट जागा लागते. नफाहि तेव्हां तींतच अधिक होता. मग चकत्या कोणाच्या वांट्यास जाणार? घरगुती गिऱ्हाइकांसाठीं चालविलेला ‘क्रूशल’ व्यवसाय बंद करणार असल्याचें मायक्रॉननें डिसेंबर २०२५ मध्यें जाहीरच केलें. नवा कारखाना उभारावा, तर त्यास अब्जावधि डॉलर आणि कित्येक वर्षें लागतात.