अननसाच्या पानाचे कापड : पारखून घ्या

काही वर्षांपूर्वी एका दलालाने माझ्या दुकानात ‘अननस सिल्क’ म्हणून साड्यांचा गठ्ठा आणला. भाव चढा होता, पण चमक पाहून माल ठेवून घेतला. महिन्याभरात एक बाई साडी परत घेऊन आल्या. इस्त्री लागताच कापड आकसले होते. धागा काडीने पेटवला, तर तो वितळून त्याची कडक गोळी झाली. निव्वळ पॉलिस्टर! बाईंचे पैसे परत केले, उरलेला माल पॉलिस्टरच्याच भावाने विकला. तेव्हापासून या वस्तूची जी माहिती गोळा केली, ती व्यापारी बंधूंसाठी देत आहे.

अननस ब्रोमेलिया कुळातला. या कुळातली पुष्कळ झाडे दुसऱ्या झाडांच्या फांद्यांवर वाढतात. अननस मात्र मातीत मूळ धरतो. मूळचा दक्षिण अमेरिकेचा, पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात तो हिंदुस्थानात आणला. आग्र्याच्या बागेत दरसाल हजारो अननस होतात, असे बादशाह जहांगीरने लिहून ठेवले आहे. याच्या पानांची छिद्रे दिवसा मिटतात व रात्री उघडतात, म्हणून हे झाड थोड्या पाण्यावर तगते. मुळाशी पाणी साचले तर कुजते. फळ यायला दीड ते दोन वर्षे लागतात. फळ निघाल्यावर पानांना फारसे कोणी विचारीत नाही, आणि धागा असतो तो पानातच.

फिलिपिन्समध्ये हा जुना हुन्नर आहे. फुटक्या चिनी बशीने पान खरवडून जाडा धागा काढतात, नारळाच्या करवंटीने बारीक. मग एकेक तंतू हाताने गाठ मारून जोडतात आणि हातमागावर विणतात. २०२३ साली युनेस्कोने या विणकामाला वारशाच्या यादीत घेतले. शंभर किलो हिरव्या पानांतून धागा निघतो सुमारे दोन-तीन किलो. असा माल स्वस्त मिळेलच कसा?

तिथे रेशीम मिसळूनही हे कापड विणतात. आपल्या येवल्याच्या विणकरांचा हात रेशमावर बसलेला आहे. थोडा धागा मागवून नमुना विणून पाहण्यासारखा आहे.

खरेदीपूर्वी एक धागा जाळून पाहा. खरा असेल तर कागदासारखा जळून मऊ राख होईल. मात्र सूत आणि व्हिस्कोसही तसेच जळतात. म्हणून मोठा सौदा असेल तर नमुना मुंबईला टेक्स्टाइल्स कमिटीच्या प्रयोगशाळेत तपासून घ्या, आणि बिलावर धाग्याचे नाव व प्रमाण लिहून मागा. जो लिहून देत नाही, त्याचा माल गिऱ्हाइकापुढे ठेवू नका. दलाल निघून जातो, दुकानात आपण बसलेलो असतो.