पुरून ठेवलेले हजार रुपये

बंगळूरहून कॉल लेटर आलेले असते. बॅग भरून दाराशी ठेवलेली असते. आणि नेमके आदल्या रात्री पोटात गोळा येतो. ‘तिथे सगळे फाडफाड इंग्रजी बोलणार. माझे शिक्षण मराठी शाळेत झालेले, कन्नड घरापुरते. मला जमेल का?’ आई म्हणते, “एकटी एवढ्या लांब कशाला?” अज्जी तिच्या भाषेत तेच विचारते, “अष्ट दूर याक होगती?” सकाळी बॅग पुन्हा माळ्यावर जाते आणि घरातले सारे म्हणतात, “जाऊ दे, देवाची इच्छा नसेल.”

ती खरोखर देवाची इच्छा होती, की आपली भीती? ख्रिस्ती कुटुंबांत हा प्रश्न प्रामाणिकपणे विचारायला हवा. कारण भीतीला श्रद्धेचे नाव दिले की तिच्याशी झगडायचे कारणच उरत नाही.

तिसऱ्या नोकराची चूक

मत्तयाच्या शुभवर्तमानातील रुपयांचा दृष्टान्त रविवारच्या उपासनेत आपण कितीदा तरी ऐकला आहे. परदेशी जाताना धनी एका नोकराला पाच हजार, दुसऱ्याला दोन हजार आणि तिसऱ्याला एक हजार रुपये देतो. (कन्नड बायबल वाचणाऱ्यांना यातला ‘तलांतु’ हा शब्द ओळखीचा असेल.) पहिले दोघे व्यापार करून रक्कम दुप्पट करतात. तिसरा मात्र जमिनीत खड्डा खणून पैसे पुरून ठेवतो.

हा तिसरा नोकर चोर नव्हता, उधळ्याही नव्हता. एक पैसाही न गमावता त्याने सारी रक्कम परत केली. तरीही धनी रागावला. नोकराने दिलेले कारण एकच होते, तो भ्याला होता. धन्याचे उत्तर व्यवहारी आहे. व्यापार जमत नव्हता तर निदान सावकाराकडे ठेवायचे होतेस, व्याज तरी मिळाले असते! म्हणजे मोठी उडी जमत नसेल तर लहान पाऊल टाकावे. अंगातला गुण मातीत पुरणे मात्र माफ नाही.

बेळगावचाच एक तरुण

याचे उदाहरण शोधायला दूर जायला नको. बाबा पदमनजी यांचा जन्म १८३१ साली आपल्या बेळगावात झाला. घर खाऊनपिऊन सुखी, वडील सरकारी नोकरीत. मिशनच्या शाळेत शिकताना आणि पुढे मुंबईत राहताना त्यांच्या मनाचा कल ख्रिस्ताकडे झुकला. पण मनाला पटणे वेगळे आणि घरी सांगणे वेगळे. आईवडील काय म्हणतील, जात काय करील, या विचारात त्यांची वर्षे गेली. अखेर १८५४ मध्ये बेळगावातच त्यांनी बाप्तिस्मा घेतला. किंमत मोठी होती. घर दुरावले, पत्नीही त्यांच्याबरोबर राहिली नाही.

तीनच वर्षांनी, १८५७ मध्ये, त्यांचे ‘यमुनापर्यटन’ प्रसिद्ध झाले. विधवांची दुःखे सांगणारे हे पुस्तक मराठीतील पहिली कादंबरी म्हणून अनेकांनी गौरवले आहे. पुढे मोल्सवर्थच्या कोशाची संक्षिप्त आवृत्ती, पाळकाचे काम आणि शंभरहून अधिक लहानमोठी पुस्तके त्यांच्या हातून झाली. आपल्या मनाची सारी ओढाताण त्यांनी १८८८ च्या ‘अरुणोदय’ या आत्मचरित्रात लिहून ठेवली. त्यांनाही भीती वाटली होतीच. पण तिला त्यांनी शेवटचा शब्द बोलू दिला नाही.

पन्नाशीनंतरची नोकरी

लक्ष्मीबाई टिळकांची गोष्ट आणखी जवळची वाटते. त्यांचा जन्म १८६८ चा. कडक सोवळ्यात वाढलेल्या, लहानपणीच लग्न झालेल्या. शाळा अशी नाहीच. अक्षरओळख झाली ती पतीमुळे. १८९५ मध्ये कवी नारायण वामन टिळक ख्रिस्ती झाले, तेव्हा लक्ष्मीबाईंवर आभाळच कोसळले. काही वर्षे त्या वेगळ्या राहिल्या. जातिभेदाचा धाक मनातून हळूहळू गेला आणि १९०० मध्ये त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला.

१९१९ मध्ये टिळक गेले. पन्नाशी ओलांडलेल्या, पदवी नसलेल्या या बाईने मग मुंबईत मुलींच्या वसतिगृहात मेट्रनचे काम पत्करले. टिळकांचे अपुरे राहिलेले ‘ख्रिस्तायन’ पुढे लिहिले. आणि १९३४ पासून ‘स्मृतिचित्रे’चे भाग प्रसिद्ध होऊ लागले. शाळेची पायरी न चढलेल्या बाईचे हे पुस्तक आज मराठीतील श्रेष्ठ आत्मचरित्रांत गणले जाते. “आता या वयात काय शिकायचे?” असे म्हणणाऱ्या आपल्या आया-मावश्यांनी ते जरूर वाचावे.

दार बंद झाले तर?

श्रद्धा ठेवली की हवी ती नोकरी मिळतेच, असे मात्र कुणी सांगत असेल तर विश्वास ठेवू नका. पंडिता रमाबाईंचा जन्म १८५८ मध्ये कर्नाटकातल्या गंगामूळच्या रानात झाला. १८८३ मध्ये डॉक्टर होण्यासाठी त्या इंग्लंडला गेल्या. त्याच वर्षी तिथे त्या ख्रिस्ती झाल्या. पण ऐकू कमी येत असल्याने वैद्यकीचा मार्ग बंद झाला. त्या अडून बसल्या नाहीत. १८८९ मध्ये त्यांनी मुंबईत शारदा सदन सुरू केले आणि पुढे केडगावला मुक्ती मिशन उभे केले. डॉक्टर होणे राहिले, पण ज्या स्त्रियांसाठी डॉक्टर व्हायचे होते त्यांची सेवा राहिली नाही.

घरी एवढे करून पाहा

भीती नेमकी कशाची, ते कागदावर लिहा. इंग्रजीची, नापास होण्याची, की लोक हसतील याची? नाव दिले की भीती आटोपशीर होते.

सोबती शोधा. आपण तोंडाने जड आहोत असे मोशेने सांगितले, तेव्हा देवाने त्याच्या जोडीला बोलका भाऊ अहरोन दिला. मंडळीतली आधी नोकरीला लागलेली ताई किंवा शेजारचे निवृत्त गुरुजी तुमचे अहरोन होऊ शकतात.

प्रार्थना आणि अभ्यास यांत भांडण लावू नका. पहाटे गुडघे टेकल्यावर त्याच पहाटे पुस्तकही उघडायचे असते.

आणि पालकांनो, थोडे तुमच्यासाठी. मुलांच्या भीतीत आपली भीती मिसळू नका. काळजी जरूर करा. राहण्याची सोय पाहा, तिथल्या मंडळीची ओळख काढून द्या, स्टेशनवर सोडायला जा. पण बॅग माळ्यावर टाकू नका.

भीती कुणाला चुकली आहे? गिदोन शत्रूच्या भीतीने द्राक्षकुंडात लपून गहू झोडत होता. देवाने त्याला नेमके तिथेच गाठले आणि कामाला लावले. तेव्हा भीती जाण्याची वाट पाहत बसू नका. तिला सोबत घेऊनच बसमध्ये चढा. कित्तूरपर्यंत ती शेजारी बसेल, धारवाड येईपर्यंत कदाचित तिचा डोळा लागेल!